मुलांमधला आयबीडी नागपुरात किती? मोजायचा तर क्रम हा

आयबीडी म्हणजे आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह. डॉक्टरांच्या पीजीच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यात, एक वाक्य वारंवार वाचायला मिळतं: ‘आमच्या रुग्णालयात तीन वर्षांत आयबीडीची इतकी मुलं दाखल झाली, त्यावरून या भागात आजाराचं प्रमाण इतकं आहे.’ वाक्याचा पहिला भाग खरा असतो, दुसरा नसतो. रुग्णालयात किती मुलं आली यावरून रुग्णालयावरचा भार कळतो. आजार किती मुलांना होतो ते कळत नाही. नागपुरात ही गल्लत जास्तच महागात पडते. मेडिकल, मेयो, एम्स ही सरकारी रुग्णालयं आणि धंतोली-रामदासपेठेतले खासगी दवाखाने यांत छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, राजनांदगाव, आदिलाबाद अशा सगळीकडून मुलं येतात. अंशात चार राज्यांची मुलं आणि छेदात एकटा नागपूर जिल्हा, असा अपूर्णांक मग थेट प्रबंधात छापला जातो.

पुढचे सगळे टप्पे एका नियमावर उभे आहेत: जे मूल अंशात मोजलं, ते छेदातही मोजलेलं असलं पाहिजे.

## आधी एक गोष्ट ठरवून टाका: शाळाशाळांतून सर्व्हे नको

‘दहा शाळा घेऊ, प्रश्नावली भरून घेऊ’ हा मोह पहिल्या बैठकीतच आवरा. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघरी जाऊन केलेली पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. ५१,९१० लोक तपासल्यावर त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिसचे (मोठ्या आतड्यात होणाऱ्या आयबीडीचे) २३ रुग्ण सापडले, म्हणजे लाखामागे ४४.३. तो सर्व वयांचा हिशेब होता आणि या आजाराचे बहुतेक रुग्ण प्रौढ असतात. मुलांमध्ये आकडा आणखी खाली जातो. कॅनडा हा मुलांमधल्या आयबीडीचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांपैकी एक. तिथेही वर्षाला लाख मुलांमागे साधारण १० नवी मुलं सापडतात. तोच दर इथे धरला तरी १०,००० विद्यार्थ्यांवर वर्षभर नजर ठेवून एक नवं मूल हाती लागेल. शिवाय पोटदुखी आणि जुलाब विचारणारी प्रश्नावली अर्ध्या वर्गाला ‘संशयित’ ठरवेल ते वेगळंच.

म्हणून उलट बाजूने जायचं. निदान जिथे होतं तिथून प्रत्येक मूल गोळा करायचं, गाळायचं, आणि मग लोकसंख्येने भागायचं.

## टप्पा १: वय, हद्द, काळ आणि प्रश्न कागदावर गोठवा

प्रश्न. इन्सिडन्स म्हणजे ठरावीक काळात नव्याने निदान झालेली मुलं, भागिले त्या काळातली व्यक्ति-वर्षं (मुलांची संख्या गुणिले वर्षं). प्रिव्हलन्स म्हणजे एका ठरावीक तारखेला आजार असलेली सगळी मुलं, भागिले त्या तारखेची लोकसंख्या. दोन्हींची यादी वेगळी बनते. मागच्या वर्षी निदान होऊन यंदा फॉलोअपला आलेलं मूल प्रिव्हलन्समध्ये बसतं, यंदाच्या इन्सिडन्समध्ये नाही. पहिल्यांदाच करत असाल तर इन्सिडन्स घ्या आणि किमान तीन वर्षांचा काळ धरा. एका वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं मिळतील, त्यांवर काहीच ठरत नाही.

वय. सगळ्यात जास्त मुलं निसटतात ती इथे. अनेक सरकारी रुग्णालयांत बालरोग वॉर्ड १२ वर्षांपर्यंत असतो, तेरावं लागलं की मूल मेडिसिनच्या वॉर्डात जातं. मुलांमधला आयबीडी तर दहाव्या वर्षानंतरच जास्त सापडतो. फक्त बालरोग विभागाची रजिस्टरं चाळली तर आजाराचा ऐन भागच बाहेर राहतो. ‘निदानाच्या तारखेला १८ वर्षं पूर्ण न झालेली मुलं’ अशी सरळ व्याख्या ठेवा. मुलांच्या आयबीडीसाठीच्या पॅरिस वर्गीकरणाचे वयोगट (१० च्या खाली, १० ते १७ च्या खाली) वेगळ्या तक्त्यात द्या, म्हणजे बाहेरच्या अभ्यासांशी तुलना करता येईल. सहा वर्षांखालची मुलं आणखी वेगळी दाखवा. त्यांच्यात एकाच जनुकातल्या बिघाडामुळे होणाऱ्या आजाराची शक्यता जास्त असते, आणि दोन वर्षांखाली तर ती फारच मनात ठेवावी लागते.

हद्द. जिल्हा घ्या, शहर नको. महापालिकेची हद्द मधल्या काळात वाढली आहे. कामठी, वाडी, हिंगणा इथले लोक रोज शहरात येऊन-जाऊन असतात आणि पत्ता सांगताना सरसकट ‘नागपूर’ सांगतात. जिल्ह्याचे १४ तालुके ही त्या मानाने स्थिर रेषा आहे.

कोणती तारीख? लक्षणं सुरू झाल्याची नव्हे. आई-वडिलांना ती नेमकी आठवत नाही. ज्या कोलोनोस्कोपीवर (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीवर) निदान उभं आहे तिची तारीख घ्या.

> तपासणी: पुढच्या टप्प्याआधी हे चार निर्णय एका पानावर लिहून गाईडची सही घ्या. नोंदी बघून झाल्यावर वयाची रेषा हलवली, तर आकडा आपल्याला हवा तसा वाकवल्यासारखं होतं.

## टप्पा २: ‘आयबीडी’ कोणाला म्हणायचं

केस पेपरवर ‘आयबीडी’ लिहिलंय म्हणून आयबीडी, असं चालत नाही. कधी तो फक्त ‘संशय’ असतो, आणि कधी घाईच्या अक्षरात आयबीएसचा (दाह नसलेल्या पोटाच्या तक्रारीचा) आयबीडी झालेला असतो. हे दुसरं वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

तीन पायऱ्यांची व्याख्या ठेवा.

निश्चित: लक्षणं, इलियमपर्यंत (लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत) पोहोचलेली कोलोनोस्कोपी, आतड्याच्या अनेक भागांतून घेतलेल्या बायोप्सीत दीर्घकालीन दाहाच्या खुणा, जंतुसंसर्ग नसल्याची खात्री, आणि निदानानंतर किमान सहा महिने तेच निदान टिकलेलं. मुलांसाठीचे युरोपीय ‘पोर्टो’ निकष (२००५, सुधारित २०१४) याशिवाय वरची (अन्ननलिका-जठराची) एंडोस्कोपी आणि लहान आतड्याचं इमेजिंगही मागतात. आपल्याकडे प्रत्येक मुलाचं एमआर एन्टेरोग्राफी (लहान आतड्याचा एमआरआय) झालेलं नसतं. ते नाही म्हणून मूल गाळू नका, पण झालं होतं की नाही याचा रकाना ठेवा.

संभाव्य: स्कोपीचं चित्र आणि उपचारांना मिळालेला प्रतिसाद जुळतो, पण बायोप्सीचा अहवाल अपुरा किंवा हरवलेला.

संशयित: बाकी सगळे. हे मोजणीत धरायचे नाहीत, पण यादीतून पुसायचेही नाहीत.

मुख्य दर फक्त ‘निश्चित’ मुलांवर काढा. ‘निश्चित’ आणि ‘संभाव्य’ मिळून दुसरा आकडा बाजूला द्या. क्रोन्स (पचनमार्गाच्या कोणत्याही भागात होऊ शकणारा आयबीडी), अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि अवर्गीकृत आयबीडी असे तिन्ही प्रकार वेगळे दाखवा. तिसरा प्रकार जबरदस्तीने पहिल्या दोघांत कोंबू नका. मुलांमध्ये तो प्रौढांपेक्षा जास्त आढळतो.

आता टीबी. आपल्याकडे क्रोन्स मोजताना खरी डोकेदुखी हीच. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोन्ही लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी बसतात. वजन घटणं, ताप, पोटदुखी, अल्सर, ग्रॅन्युलोमा (दाहातल्या पेशींचे पुंजके) हे सगळं दोन्हींकडे असतं. आतड्याच्या नमुन्यात सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं म्हणता येत नाही, कारण तिथे जंतू फार कमी असतात. म्हणून बऱ्याच मुलांना आधी टीबीची औषधं सुरू होतात. त्यावर मुलाला ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर टीबी पक्का करू नका. क्रोन्सच्या मुलांनाही त्या औषधांवर काही काळ बरं वाटू शकतं. पुन्हा केलेल्या स्कोपीत अल्सर भरून आले का, ते बघा.

मोजणीसाठी नियम असा: टीबीची ट्रायल चालू असलेलं मूल ‘प्रतीक्षा’ रकान्यात. नंतर क्रोन्स ठरला, तर निदानाची तारीख पहिल्या स्कोपीची, औषध बदललं त्या दिवसाची नव्हे. असं केलं नाही तर डिसेंबरातलं मूल पुढच्या वर्षात जाऊन बसतं.

> सावधान: फीकल कॅलप्रोटेक्टिन (दाह दाखवणारं शौचातलं प्रथिन) वाढलंय एवढ्यावर एकही मूल आत घेऊ नका. साध्या जंतुसंसर्गातही ते वाढतं, आणि चार वर्षांखालच्या निरोगी मुलांतही ते मोठ्यांपेक्षा जास्त असतं.

दोन वर्षांखालच्या मुलात गाईच्या दुधाची ॲलर्जी, मोठ्या मुलांत अमीबाचा संसर्ग, ज्युव्हेनाइल पॉलिप (आतड्यातला कोंब) आणि सॉलिटरी रेक्टल अल्सर (गुदाशयातला व्रण) ही शौचातून रक्त पडण्याची कारणं फॉर्मवर आधीच छापून ठेवा. वगळलं असेल तर का वगळलं, तिथेच खूण होते.

## टप्पा ३: परवानग्या, आणि त्या नोंदींना हात लावण्याआधी

प्रत्येक संस्थेची एथिक्स कमिटी वेगळी. मेडिकलची मंजुरी मेयोत किंवा एम्समध्ये चालत नाही. खासगी रुग्णालयांना लेखी करार लागतो आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘आमचे पेशंट दुसऱ्या डॉक्टरला कळणार का?’ कळणार नाहीत, आणि ते कसं, हे करारातच लिहा. तोंडी आश्वासनावर रजिस्टर उघडत नाही.

फक्त जुन्या नोंदी बघणार असाल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतीची अट माफ करून मागता येते. कुटुंबाला फोन करणार असाल तर पालकांची संमती हवीच. त्यावर ७ ते १२ वयाच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ वयाच्या मुलाची लेखी संमतीही घ्या. पत्ता पक्का करायला बरेच फोन करावे लागणार आहेत, तेव्हा ही तरतूद पहिल्याच अर्जात टाका. नंतर दुरुस्ती मागत बसलात तर दोन-तीन महिने सहज जातात.

नावं आणि कोड यांची जोडयादी एका कुलूपबंद संगणकावर, बाकी तक्ता कोडवर. केस पेपरचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवायचे नाहीत. ‘आपल्याच ग्रुपवर टाकलंय ना’ हे उत्तर डिजिटल वैयक्तिक डेटाच्या २०२३ च्या कायद्यापुढे टिकणारं नाही.

## टप्पा ४: मुलं कुठे कुठे नोंदली जातात, त्याची यादी

एकाच स्रोतावर विसंबलात तर मोजणी तिथेच संपली. किमान इतके स्रोत हवेत:

1. एंडोस्कोपी कक्षाची रजिस्टरं, सरकारी आणि खासगी दोन्ही. लहान मुलांची स्कोपी बहुधा भूल देऊन होते, म्हणून भूलतज्ज्ञांच्या नोंदींशी पडताळा घ्या.
2. पॅथॉलॉजीची रजिस्टरं. शहरातल्या खासगी लॅब विसरू नका, छोट्या दवाखान्यांची बायोप्सी तिथेच जाते.
3. एमआरडीतले (रुग्णालयाच्या नोंदी विभागातले) आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीचे के५० (क्रोन्स) आणि के५१ (अल्सरेटिव्ह कोलायटिस) कोड. नुसते कोड पुरेसे नाहीत. ‘दीर्घकालीन जुलाब’ आणि ‘गुदद्वारातून रक्त’ या निदानांचे पेपरही चाळावे लागतात.
4. प्रौढांचे गॅस्ट्रोएन्टेरोलॉजिस्ट (पोटविकारतज्ज्ञ). १३ ते १७ वयाची मुलं बहुतेक यांच्याकडे असतात.
5. बालशल्यचिकित्सक. गुदद्वाराजवळचा फिस्टुला (भगंदर) किंवा वारंवार गळू घेऊन आलेलं मूल कधी कधी आधी यांच्याकडे पोहोचतं.
6. इन्फ्लिक्सिमॅब, ॲडॅलिमुमॅब, ॲझाथायोप्रिन आणि मेसालामिन ही आयबीडीची औषधं देणाऱ्या औषध विभागांच्या नोंदी. ॲझाथायोप्रिन इतर आजारांतही देतात, म्हणून ही यादी फक्त शोधायला वापरा, ठरवायला नाही.
7. जिल्हा क्षयरोग अधिकारी कार्यालय. टीबी २०१२ पासून नोंदणी-बंधनकारक आहे, आयबीडी नाही. पोटाचा टीबी म्हणून नोंदलेली आणि उपचारांना दाद न दिलेली मुलं रीतसर परवानगीने तपासा. काही क्रोन्स तिथेच दडलेले असतात.

जिल्ह्याबाहेर वर्ध्याकडची सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालयंही धरा, हिंगण्याकडचे बरेच लोक तिकडे जातात. निदानासाठी हैदराबाद, मुंबई किंवा वेल्लोर गाठणारी कुटुंबंही आहेत. त्यांची तिथली नोंद आपल्याला मिळणार नाही. पण परतल्यावर रक्ताच्या तपासण्या आणि औषधांसाठी ती गल्लीतल्या बालरोगतज्ज्ञाकडेच येतात. म्हणून बालरोगतज्ज्ञांना दर तीन महिन्यांनी एक छोटं पोस्टकार्डवजा पत्रक पाठवा: ‘या तिमाहीत आयबीडीचं निदान झालेलं मूल पाहिलं का? हो / नाही’. ‘नाही’ हे उत्तरही परत मागा. आलेला ‘नाही’ आणि न आलेलं उत्तर यात फार फरक आहे.

## टप्पा ५: नोंदी काढणे

फॉर्म एक पानाचा ठेवा. रकाने: कोड, स्रोत, मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख, लिंग, संपूर्ण पत्ता, तालुका, पिन कोड, तिथे किती महिन्यांपासून राहतात, लक्षणांची अंदाजे सुरुवात, पहिल्या स्कोपीची तारीख, स्कोपी कुठवर गेली, बायोप्सीचे भाग आणि निष्कर्ष, टीबीच्या तपासण्या, टीबीची औषधं, सहा महिन्यांनंतरचं निदान.

आईचं नाव मुद्दाम सांगितलंय. पुढच्या टप्प्यात कळेल का ते.

> तपासणी: आधी एकाच रुग्णालयातल्या एका वर्षाच्या नोंदी दोघांनी स्वतंत्रपणे भरा. ज्या रकान्यात दोघांची उत्तरं वेगळी येतात, त्याची व्याख्या ढिली आहे. ती घट्ट करूनच पुढे जा.

## टप्पा ६: एकाच मुलाच्या तीन नोंदी

मूल आधी उमरेडच्या डॉक्टरकडे, मग मेयोत, मग धंतोलीत आणि शेवटी एम्समध्ये. प्रत्येक ठिकाणी नवीन नंबर. एका ठिकाणी वानखेडे, दुसरीकडे वानखडे. चौधरीचं इंग्रजी स्पेलिंग तर लिहिणाऱ्यागणिक बदलतं. कुठे घरचं नाव लिहिलेलं, कुठे शाळेतलं. वय ‘११ वर्षं’ एवढंच, जन्मतारीख नाही.

नावावरून जुळवत बसाल तर काही जोड्या सुटतील आणि काही चुकीच्या जुळतील. क्रम असा लावा: आधी जन्मतारीख, लिंग आणि आईचं नाव, मग आडनावाचा उच्चार, स्पेलिंग नव्हे, शेवटी स्कोपीची तारीख आणि बायोप्सीचा नंबर. हा नंबर फार उपयोगी, कारण पालक जुना अहवाल फाइलला लावून पुढच्या डॉक्टरकडे नेतात आणि तो तिथे उतरवला जातो. आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळखक्रमांक) असेल तर उत्तम, पण सगळ्यांकडे असेल असं धरू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळांच्या जुन्या नोंदी ‘बेबी ऑफ’ लावून आईच्या नावाने असतात, त्या वेगळ्या शोधा.

जुळवलेली जोडी पुसायची नाही, फक्त जोडायची. कोणतं मूल किती स्रोतांत सापडलं ही माहिती टप्पा १० मध्ये लागते. बहुतेक जण इथे डुप्लिकेट डिलीट करून मोकळे होतात आणि नंतर हात चोळत बसतात.

## टप्पा ७: पत्त्याची चाळणी

अख्ख्या कामात सर्वाधिक वेळ इथे द्या. निकालाचं पारडं फिरतं ते इथेच.

केस पेपरवर ‘नागपूर’ लिहिलेलं असणं हा पुरावा नाही. बाहेरगावचं कुटुंब मामाच्या घरी उतरतं आणि नोंदणीच्या खिडकीवर मामाचाच पत्ता देतं. कोणी उपचारापुरती मेडिकल चौकाजवळ खोली घेतलेली असते. खिडकीवरच्या माणसापुढे रांग असते, तो जिल्ह्याचा रकाना ‘नागपूर’ ने भरून पुढचा माणूस बोलावतो.

पिन कोडवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी: ४४० ने सुरू होणारे कोड शहराचे, हे ठीक. पण ४४१ म्हणजे ‘नागपूर ग्रामीण’ असं समजू नका. रामटेक ४४११०६, उमरेड ४४१२०३ आणि काटोल ४४१३०२ आपले. पण ब्रह्मपुरी ४४१२०६ चंद्रपूर जिल्ह्यात, गोंदिया ४४१६०१ आणि भंडारा ४४१९०४ तर स्वतःच जिल्हे. पहिल्या तीन आकड्यांवर फिल्टर लावला की पूर्व विदर्भातलं बरंच काही आपल्या अंशात येऊन पडतं.

नियम ठेवा: निदानाच्या तारखेआधी किमान सहा महिने जिल्ह्यात राहत असलेलं मूलच मोजायचं. अकरावी-बारावीच्या क्लाससाठी नागपुरात राहणारी मुलंही याच नियमाने तपासा. शंका असेल तिथे फोन करा आणि थेट ‘तुम्ही नागपूरचेच का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. मूल कोणत्या शाळेत जातं आणि रेशनकार्ड कुठलं आहे ते विचारा.

## टप्पा ८: निदानाची फेरतपासणी

उरलेले पेपर नाव आणि रुग्णालय झाकून दोन तज्ज्ञांना द्या, शक्यतो एक बालरोग-गॅस्ट्रोचा आणि एक पॅथॉलॉजिस्ट. दोघं स्वतंत्रपणे ‘निश्चित, संभाव्य, संशयित, नाही’ ठरवतील. मतभेद झाला तर तिसरा. दोघांच्या सहमतीचा काप्पा (मतं किती जुळली ते सांगणारा आकडा) काढून अहवालात द्या. बाकी इथे फार सांगण्यासारखं नाही, फक्त ज्याने मूळ उपचार केले त्यालाच परीक्षक नेमू नका.

## टप्पा ९: छेद कुठून आणायचा

‘जनगणनेतून’ हे उत्तर अर्धवट आहे. २०११ मध्ये नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६,५३,५७० होती आणि शहराची २४,०५,६६५. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता जरा हिशेब करा: २०२५ मध्ये १४ वर्षांचं असलेलं मूल २०११ च्या जनगणनेत जेमतेम तान्हं असेल, आणि त्याच्याहून लहान एकही मूल त्या मोजणीत नाही. म्हणजे आपल्या छेदातली बहुतेक मुलं ज्या कागदावर नाहीतच, त्या कागदावरून आपण त्यांची संख्या काढतोय.

२००१ ते २०११ मध्ये जिल्ह्याची एकूण लोकसंख्या १४.४ टक्क्यांनी वाढली. तोच वेग मुलांना लावू नका. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर १.७ होता. मोठी माणसं वाढतायत म्हणून मुलंही त्याच वेगाने वाढतात असं नाही. छेद फुगला की दर खोटाच कमी दिसतो.

तीन अंदाज काढा आणि शेजारी मांडा:

जन्मनोंदणीवरून. दर वर्षीचे जन्म घ्या, बालमृत्यू वजा करा, वयाने पुढे सरकवा. पण आपल्याकडे जन्म घडला तिथे नोंदतात, आई राहते तिथे नाही. डागा रुग्णालयात किंवा मेडिकलला बाळंतपणाला आलेल्या भंडाऱ्याच्या बाईचं बाळ नागपूरच्या जन्मांत दिसतं. अंशातली भानगड छेदातही आहे ती अशी. जन्माच्या नोंदीत आईच्या राहण्याच्या गावाचा रकाना असतो, त्यावरून गाळलेला आकडा मागा.

शाळांच्या पटावरून. यू-डायसवरची (शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातली) जिल्ह्याची पटसंख्या ६ ते १४ वयासाठी चांगला ताळा देते.

२०११ च्या वयोगट तक्त्यावरून पुढे नेलेला अंदाज. पाच-पाच वर्षांचे गट असलेल्या तक्त्यात १५ ते १९ एकत्र येतात, तुम्हाला हवेत १५ ते १७. त्यासाठी एकेका वर्षाचा तक्ता लागतो आणि त्यात लोक १०, १२, १५, १८ अशी वयं सांगतात म्हणून खाचा-उंचवटे दिसतात. ते गुळगुळीत करूनच वापरा.

> तपासणी: तिन्ही अंदाजांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा छेद धरून दर दोनदा काढा. एकच छेद धरून दशांश चिन्हापुढे तीन आकडे देणं म्हणजे नुसता रुबाब.

## टप्पा १०: गणित

पुढचे आकडे निव्वळ काल्पनिक आहेत, रीत कळावी म्हणून. समजा तीन वर्षांत सगळ्या स्रोतांतून ४७ नावं आली. ५ डुप्लिकेट गेली, ४२ राहिली. फेरतपासणीत ४ आयबीडी नसल्याचं ठरलं, ३८. तिघांचं निदान काळाच्या आधीचं, ३५. जिल्ह्याबाहेरची १७. उरली १८. जिल्ह्यात १८ वर्षांखालची मुलं सरासरी १२ लाख धरली, तर तीन वर्षांत ३६ लाख व्यक्ति-वर्षं. दर: वर्षाला लाखामागे ०.५०.

चाळण्या न लावता ४७ भागले असते तर आला असता १.३, म्हणजे अडीच पटीहून जास्त. त्या आकड्यावर मग ‘विदर्भात मुलांचा आयबीडी वाढतोय’ अशी बातमीही छापून आली असती.

विश्वासमर्यादा (खरा दर बहुधा ज्या दोन आकड्यांमध्ये असेल ते आकडे) दिल्याशिवाय दर देऊ नका. मोजणी लहान असते तेव्हा पॉयसनच्या (क्वचित घडणाऱ्या घटनांच्या संख्याशास्त्रीय नियमाच्या) नेमक्या मर्यादा घ्या. एक्सेलमध्ये काय-स्क्वेअरच्या उलट फंक्शनने त्या निघतात. खालच्या मर्यादेसाठी संभाव्यता ०.०२५ आणि डिग्री ऑफ फ्रीडम रुग्णसंख्येच्या दुप्पट (इथे ३६). वरच्या मर्यादेसाठी ०.९७५ आणि रुग्णसंख्येत एक मिळवून दुप्पट (इथे ३८). दोन्ही उत्तरांचं निम्मं करा. १८ रुग्णांसाठी १०.७ ते २८.४ येतं, म्हणजे दर लाखामागे ०.३ ते ०.८.

तालुक्यात शून्य रुग्ण सापडले म्हणजे तिथे आजार नाही, असं लिहू नका. शून्याची वरची मर्यादा ३.७ असते. तालुक्यात २०,००० मुलं आणि तीन वर्षं धरली तर तो शून्य लाखामागे ६ पर्यंतच्या दराशीही जुळतो.

किती मुलं निसटली? दोन स्रोतांची तुलना करून अंदाज येतो. समजा एंडोस्कोपीच्या यादीत १४, बालरोगतज्ज्ञांच्या पत्रकांतून १०, दोन्हींत सामाईक ६. चॅपमनचं सूत्र: (१४+१) गुणिले (१०+१), भागिले (६+१), वजा १. उत्तर २२.६. आपल्याला सापडली १८, म्हणजे सुमारे ८० टक्के.

> सावधान: हे सूत्र दोन्ही स्रोत एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरतं. एंडोस्कोपी आणि पॅथॉलॉजी ही जोडी घेऊ नका. बायोप्सी स्कोपीतूनच येते, त्यामुळे सामाईक नावं जास्त दिसतात आणि निसटलेल्यांचा अंदाज खोटाच कमी येतो.

दुसऱ्या देशाशी तुलना करायची असेल तरच वयानुसार प्रमाणित दर काढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाण लोकसंख्येत ०–४, ५–९, १०–१४ आणि १५–१९ या गटांचे भार ८.८६, ८.६९, ८.६० आणि ८.४७ टक्के आहेत. मुलांपुरता दर काढताना हे भार मुलांच्याच बेरजेने पुन्हा भागून घ्या.

## टप्पा ११: लिहिताना

‘स्ट्रोब’च्या (अशा अभ्यासांच्या लेखनासाठीच्या प्रमाण) यादीप्रमाणे लिहा आणि ४७ पासून १८ पर्यंतचा प्रवास आकृतीत दाखवा. परीक्षक आधी तीच बघतो. शीर्षकात ‘विदर्भातील प्रमाण’ लिहू नका, तुमचा छेद फक्त नागपूर जिल्ह्याचा आहे. जिल्ह्याबाहेरची १७ मुलंही वाया गेलेली नाहीत. आजाराचं स्वरूप, निदानाला लागलेला उशीर आणि उपचार या वर्णनात ती घ्या. दरात मात्र नाही.

दर वाढतोय असं म्हणायचं असेल तर त्याच काळात जिल्ह्यात झालेल्या मुलांच्या कोलोनोस्कोपींची संख्याही त्याच आलेखावर काढा. नवा बालरोग-गॅस्ट्रो तज्ज्ञ शहरात आला की पहिल्या वर्षी आकडा उसळतो. त्यातली बरीच मुलं आधीपासून आजारी असतात, निदान तेवढं आता होतं.

शेवटचं, गोपनीयतेचं. १८ मुलांच्या यादीत ‘भिवापूर तालुका, ४ वर्षांची मुलगी, क्रोन्स’ असं छापलं तर गावात तिला ओळखायला नाव लागत नाही. पाचांहून कमी मुलं असलेला कोणताही चौकोन शेजारच्या चौकोनात मिसळा, तालुकावार तक्ता सोडून शहरी आणि ग्रामीण एवढेच दोन भाग ठेवा. ज्या डॉक्टरांनी पत्रकं भरून पाठवली त्यांना छापण्याआधी आकडे दाखवा. त्यांच्यातलाच कोणीतरी हमखास म्हणतो, ‘अहो, माझ्याकडची एक मुलगी यात दिसत नाही.’ तिचा पेपर मागवा आणि टप्पा ६ पासून पुन्हा चालवा.